रात्रपाळी

रात्री साडेआठनंतर आम्ही निघायचो,
मी, वैरागडे आणि ढोमणे.
टांडापेठेतल्या गल्ल्या, काचपट्ट्यांची पेटी,
स्पिरिटचा बोळा, सुया, घरांची यादी.
मे महिना. खाटा बाहेर ओढलेल्या,
शिंपडलेलं पाणी जमिनीनं केव्हाच पिऊन टाकलेलं.
प्रत्येक दारात तोच प्रश्न :
"दिवसा काहून येत नाही जी तुमी?"

मी सांगायचे, हा जंतू दिवसा
फुप्फुसाच्या आसपास दडून बसतो.
रात्री निघतो, बोटाच्या टोकापर्यंत येतो,
कारण हा डास रात्री चावतो.
दोघांची वेळ कुणी ठरवून दिली
ते पुस्तकातही नीटसं लिहिलेलं नाही.
लोक ऐकून घेत, मग बोट पुढे करत,
पोरं मात्र छपरावर पळत.

केवळाबाई पराते ओट्यावर बसलेली,
डावा पाय उखळाएवढा.
"माह्यं रक्त घे पहिले," म्हणाली.
घेतलं. रंगवलं. काचेवर काहीच नव्हतं.
किडे कधीचेच मरून गेले होते,
जाताना वाट तेवढी बुजवून गेले.
मी म्हटलं, आजी, तुम्ही निगेटिव्ह.
तिनं पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"मंग हे काय हाय वं?"

डॉक्टर साहेब फळ्यावर एक आडवी रेघ ओढायचे.
वर रोगी, खाली सगळे.
म्हणायचे, वरचा आकडा कुणीही मोजतो,
पगार तुम्हाला खालच्याचा मिळतो.
ज्याला काही झालं नाही
त्याचंही नाव लिहा, वय लिहा,
कुठं झोपतो ते लिहा.

एका गल्लीचा हिशेब जुळेना.
तिथल्या डासांच्या पोटात अळ्या,
आणि माणसं सगळी स्वच्छ.
तीन फेऱ्या झाल्या. ढोमणेनं नालीला शिव्या घातल्या,
वैरागडेनं माझ्या सूक्ष्मदर्शकाला.
डासांनी काही आकाशातून आणलं नव्हतं.
कुणाच्या तरी अंगातून, याच चाळीस घरांतून,
पाहुणा बनून नेलं होतं.

यादी पुन्हा काढली.
देवचंद धकाते, वय चोवीस. शेरा : कामावर.
पुढच्या फेरीला : कामावर.
त्याच्याही पुढच्या फेरीला तेच, माझ्याच अक्षरात.
पॉवरलूमवर गेलो रात्री अकराला.
खटखटाटात त्यानं बोट दिलं, मान न वळवता.
काच कोरी निघाली.

दोन दिवस ती काच डोक्यातून जाईना.
मग एका दुपारी, छत्री घेऊन, एकटीच गेले.
खोलीत गोणपाटाचे पडदे, अंधार गच्च,
देवचंद उताणा झोपलेला, कूलर घरघरत,
आणि त्याच्या दंडावर, भर दुपारी,
एक डास निवांत बसलेला.
अंधार असला की त्याला घड्याळ कोण दाखवणार?
सुई टोचली. तो जागाही झाला नाही नीट.

संध्याकाळी नळीखाली पाहिलं :
एक, दोन, सतरा, मग मोजणं सोडलं.
त्याच्याबरोबर त्यांनीही
पाळी बदलून घेतली होती.

"मले तं कायीच होत नाही," तो म्हणाला.
खरंच नव्हतं होत. लूम चालत होता,
सोयरीक ठरत होती, पाय सरळ होते.
गोळ्या सुरू केल्या आणि किडे मरू लागले,
तेव्हा ताप चढला, तेव्हाच तो आजारी पडला.
दारात येऊन मला म्हणाला,
"चांगल्या मानसाले बीमार केलं बाई तुमी."
नोंदवहीत यासाठी रकाना नाही.

त्या रात्री गोळीबार चौकात चहा पिताना
मी गंमत म्हणून स्वतःच्याच बोटाला सुई लावली.
अकरा वर्षं याच गल्ल्यांत, याच वेळी, उघड्या हातांनी.
काचपट्टीवर नंबर घालायला गेले
तर आमचं तिघांचं घर कुठल्याच यादीत नव्हतं.
वैरागडे हसला. ढोमणे हसला नाही.
पट्टी वाळत होती.
आणि मी बोटांवर मोजत होते
की या अकरा वर्षांत
मी नेमकी कधी झोपते.