सलग बारा महिने

म्हापशात कचेरीसमोर माझं टेबल,
वर झेरॉक्सवाल्याची ताडपत्री.
अर्ज भरून देतो. पानामागे वीस रुपये,
रडणाऱ्याकडून दहा.

एर्मेलिंदाबाई शुक्रवारीच येतात,
बाजार आटपून, पिशवीत खुबे
आणि प्लास्टिकच्या फाईलीत तेवीस वर्षं.
जन्म कराचीचा. लग्न हळदोण्याचं.
नवरा इथला, मुलगे इथले,
विहिरीवरची भांडणंसुद्धा इथलीच.

मी विचारतो, शेवटचे बारा महिने
सलग भारतात होता?

त्या पिशवी खुर्चीखाली सरकवतात.
"आवय गेली मरे थंय."
किती दिवस लागले?
"मातीला पोचलेच नाही. महिन्याची मीस तेवढी मिळाली.
मग कागद अडले, मग फाटक बंद.
एकेचाळीस."

तीस दिवसांपर्यंत विनंती करता येते, बाई.
वरच्या अकरा दिवसांनी
बारा महिने पुन्हा एकपासून.

त्यांचा पुतण्या जोव्हियान,
त्यानं लिस्बन चित्रातसुद्धा धड पाहिलं नव्हतं.
आजोबांचा जन्मदाखला एजंटाला दिला
आणि बसल्या जागी तिकडचा झाला.
आता इंग्लंडात कुठल्याशा गोदामात खोकी भरतो.
त्याच्या बंद घराची किल्ली एर्मेलिंदाबाईंकडे.
अंगणातला पाला त्या लोटतात,
खुरसापाशी मेणबत्ती त्या लावतात,
आणि दर वर्षी पोलिसांत जाऊन सांगतात
की मी अजून आहे, इथंच आहे.

मी काय बोलणार?
दोडामार्गाहून येऊन मला सोळा वर्षं झाली,
पंधरा वर्षांच्या दाखल्याला ती पुरत नाहीत.
चार खोल्या बदलल्या,
एकाही घरमालकानं भाड्याची पावती दिली नाही.

"तोरं मिठात घालतो ना आपण," त्या म्हणतात,
"मध्येच बरणी उघडली
तर ती काय परत कच्ची होतात?"

या वाक्याला फॉर्मात रकाना नाही.
मी कॅलेंडर उलटतो, बोटं मोजतो,
पुढल्या वर्षीची तारीख
फाईलीच्या कोपऱ्यात लिहायला घेतो.

पेन नको, म्हणतात.
पेन्सिलीनं लिही.
पपा अजून आहेत तिकडे,
एक्याण्णव वर्षांचे.

खुब्यांचं पाणी गळून
टेबलाच्या पायापाशी ओल झालेली.
त्यांनी पदर नाही, रुमाल काढला,
वाकून ती पुसली, आणि दहाची नोट
परत माझ्याकडे सरकवून
पूर्ण वीस दिले.