तवंदीच्या चढाला

शिरोलीत माझी फौंड्री आहे, लहान.
ओतलेला नग मी हातोडीनं वाजवून बघतो.
धड असेल तर घंटेसारखा बोलतो,
आत पोकळी असेल तर नुसतं थड्.
म्हणून वाटलं होतं,
गाडी घेताना आपल्याला कळेल.

दोन होत्या.
एक जपानी, राखाडी, निवृत्त बँक मॅनेजरची.
डिक्कीत छत्री,
आणि सर्व्हिसची बिलं तारखेवार टाचलेली.
दुसरी जर्मन, लाल, टर्बोवाली,
इचलकरंजीच्या एका सूतवाल्याच्या पोराची.
तीन वर्षांत दोनदा गिअरबॉक्स उतरवलाय,
हे त्यानं आपणहून सांगितलं,
प्रेमात पडलेला माणूस भांडणंही सांगतो तसं.

मी वहीत रकाने पाडले.
शून्य ते शंभर, किती सेकंद.
टायमिंग चेन, किती हजार.
सुटा भाग पुण्यात मिळतो
की बोटीची वाट बघायची.

उद्यमनगरात बाबालाल मुजावरांकडे दोन्ही नेल्या.
त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं,
मूठ कानाला, डोळे मिटले.
राखाडीचं ऐकून म्हणाले, "ही नांदणार."
लालपाशी जरा जास्तच थांबले.
"आणि ही?"
"हिचं पोट दुखतंय.
पर गळा काय हाय, मालक!"
"तुम्ही कुठली घेतली असती?"
"मला आपली लूना हाय की."

यामिनी भूल देते, सीपीआरमध्ये.
रात्री दोनला फोन वाजला
की केस बांधतच जिना उतरते.
किल्ली फिरवली की इंजिन लागलंच पाहिजे,
तिकडं कुणीतरी टेबलावर घेतलेलं असतं.
म्हणून राखाडी पक्की केली होती मी, मनात.
तिला न विचारता.

रविवारी पहाटे तरीही लाल चालवून बघायला निघालो.
कागल गेलं, दूधगंगा गेली,
निपाणीला काचेच्या फटीतून तंबाखू आत आली.
तवंदीच्या चढाला उसाचे दोन ट्रॅक्टर, एक कंटेनर.
मी म्हणालो, "राहू दे मागं."
तिनं गिअर खाली घेतला.

पाठ सीटला चिकटली.
वळण आलं, आणि गाडी त्यात
साच्यात रस उतरावा तशी उतरली,
काठ न सोडता.
तिचा डावीकडचा एक दात किंचित आडवा आहे
हे मी विसरलो होतो.

वर टपरीपाशी थांबलो.
इंजिन टिकटिक करत निवत होतं.
"दिवसभर मी दुसऱ्याचा श्वास मोजते," ती म्हणाली,
"थेंब, आकडे, हिरवी रेघ.
काहीच घडलं नाही तर माझं काम चांगलं झालं.
आता घरीसुद्धा
काहीच न घडणारी गाडी आणणार का तू?"

मी सवयीनं बोनेट वाजवून बघितलं.
बोट भाजलं.

लाल घेतली.
श्रावणात दिवा लागला, पिवळा, इंजिनाच्या चित्राचा.
नवरात्रात पाण्याचा पंप.
दिवाळीला काही नाही, म्हणून दोघंही धास्तावलेले.
बाबालालनी आमच्यासाठी खुर्ची आणून ठेवलीय आता,
आधी टायरवर बसायचो.
मी बिलं टाचून ठेवत नाही,
त्यांची बेरीज दिसते.

जुनी पांढरी मात्र विकली नाही.
सतरा वर्षांची, एसी मेलेला,
मागचं दार आतून उघडत नाही.
रात्री दोनला तीच जाते.
मी अर्ध्या झोपेत कान देतो:
पहिल्या झटक्याला लागली,
गेट वाजलं, गेली.
मग कूस बदलतो.

रविवारी सहाला खुंटीवरची दुसरी किल्ली.
फरशीवरच्या तेलाच्या डागावर
मी फौंड्रीतली मूठभर वाळू टाकतो
आणि शेजारी जाऊन बसतो,
पट्टा बांधून,
बाबालालचा नंबर तोंडपाठ.