रेघेच्या वर वीतभर

गाडी यायला अजून बारा दिवस होते.
मी आधी भिंत निवडली.

एकतीस वर्षं उद्यमनगरात
डिझेल पंप कॅलिब्रेट केले.
नोझलच्या फवाऱ्यावरून सांगायचो
कुठल्या ट्रकच्या पोटात काय दुखतंय.
आणि लेक म्हणते, बाबा, चार्जरचं तुम्हीच बघा.
म्हणजे मटणवाल्याला सांगायचं,
जरा चांगली मेथी निवडून आणा.

दुकानात तीन ठेवलेले.
साडेतीन किलोवॅटचा, साडेसातचा,
आणि एक अकराचा, काचेच्या कपाटात.
पोरगा म्हणाला, काका, मोबाईलवर सगळं दिसतं.
मी विचारलं, आवाज?
अजिबात नाही, म्हणाला, अभिमानानं.
वहीत लिहिलं: आवाज नाही.
पुढे अधिकची खूण करायची की उणेची,
ते सुचलं नाही.

कागलची एमआयडीसी आणि परत,
पोरीची रोजची धाव बेचाळीस किलोमीटर.
रात्रभर लहान लहान घास घेत
साडेतीनवरही गाडी जेवली असती.
पण पाहुणा येईल म्हणून
माणूस दोन ताटं जास्त घेतोच की.
बायको म्हणाली, साडेसातचा घ्या,
फक्त साडेसाती म्हणू नका.

महावितरणच्या अर्जात एक रकाना होता:
सध्याचा मंजूर भार.
दोन पंखे, एक मिक्सर, पोर्टेबल टीव्ही
एवढं बघून अठ्ठ्याऐंशी साली कुणीतरी
आमच्या घराची भूक ठरवली होती. तीन.
त्याच्याखाली दहा लिहिताना
उगाच मागे वळून पाहिलं,
कोण हसतंय का.

इलाही बागवान शुक्रवारची नमाज उरकून आला.
खांद्यावर तांब्याच्या केबलचं वेटोळं, सहा स्क्वेअरची.
आरसीसीबी दाखवत म्हणाला,
तीस मिलीअँप गळलं की हे खटकन पाडतंय बघा.
मी आयुष्यभर गळती थेंबांनी मोजली.
डबी हातात घेऊन
जरा वेळ परत दिली नाही.

मग त्यानं माहितीपत्रक उघडलं:
जमिनीपासून सव्वा मीटर.
ते लिहिणाऱ्याला पंचगंगा माहीत नसणार.
कुंभार गल्लीत आमच्या भिंतीवर
एकोणीस सालची रेघ आहे, साडेपाच फुटांवर.
दोनदा रंग दिला.
हवेत ओल आली की ती परत उमटते,
चहाच्या कपाला असते तशी, तपकिरी.

रेघेवर हाताची वीत ठेवली,
करंगळी टेकली तिथं पेन्सिलीनं फुली मारली.
इलाही म्हणाला, लई वर जातंय की ओ,
ताईंचा हात पोचायचा न्हाई.
म्हटलं, हाताचं बघू काहीतरी.
तू ड्रिल लाव.

अंगणात अर्थिंगचा खड्डा खणला.
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, परत मीठ.
जाताना बजावून गेला,
उन्हाळ्यात बादलीभर पाणी घालत जावा,
जमीन वाळली की ती वीज घेत न्हाई.
म्हणजे भिंतीवर ज्याला भ्यायचं,
त्यालाच अंगणात आठवड्याला वाढायचं.
बायको म्हणाली, तुमचा आणि माझा संसार असाच आहे.

गाडी आली. पेढे झाले, चाकाखाली लिंबू झालं.
सोमवारी कागलहून परतली तेव्हा
पोर टाचा उचलून गन काढू लागली,
पाच फूट एक इंच, सगळी आईवर गेलेली.
माळ्याखालून मी जुन्या टेस्ट बेंचची
बिडाची बैठक ओढत आणली.
नऊशे पंप तिनं पेलले असतील,
अजून डिझेलचा वास जात नाही.
पोर तिच्यावर चढली.
हात पोचला.

साडेअकराला सगळे झोपल्यावर
बाहेर जाऊन कान लावला.
एक टक् झालं, आत कुठंतरी.
मग हिरवा दिवा, नुसता.
खिडकीतून पोर म्हणाली,
बाबा, काय ऐकताय?
काही नाही, म्हटलं.
आणि तेच ऐकत उभा राहिलो.

सकाळी वहीत नोंद केली:
युनिट सहा पूर्णांक चार.
आवाज: एक टक्.