उंबरपाडा

ती आरेच्या आमच्या पाड्यावर आली तेव्हा
सगळ्यांचा एकच प्रश्न: ही विकते काय?
भांडी नाहीत, पॉलिसी नाही, देवही नाही.
एक पत्र्याची पेटी, पेटीत पुस्तकं,
आणि पदरचे पैसे घालून समुद्रापलीकडून आलेली बाई.
"फुकट?" धाकलीमावशीनं तीनदा विचारलं.
मी तीनदा हो म्हटलं.
मला मात्र दोनशे रुपये रोज होता,
तिचं बोलणं इकडे, यांचं तिकडे करायचा.
ते मी सांगितलं नाही.

नाव तिचं ऐनो.
पोरं हसली. ऐन?
तबेल्यामागे आहेत की चार, साल मगरीसारखी.
त्या दिवसापासून ती ऐनबाई.
"टेकायला बरी," रिवजी म्हणाला,
आणि खरंच तिच्या पाठीला पाठ लावून बसू लागला.

पहिल्याच पुस्तकात बर्फ. पानभर.
बर्फात एक घर.
"मासळीवाल्याचा बर्फ?"
तसाच, पण वरून पडतो.
"मग मासळी कुठाय?"
काय म्हणतात, तिनं विचारलं.
मी म्हटलं, आवडलं त्यांना.
दुभाष्याला एवढं माफ असतं.

पुढच्या आठवड्यात त्या पानावर
पेन्सिलीचा बिबट्या निघाला,
घराच्या मागे, शेपटी वर.
मी ओरडले.
ती वाकून बघत राहिली कितीतरी वेळ,
मग म्हणाली, हा आत शिरणार की निघून जाणार?
त्यावर तासभर भांडण.
बारकीचं म्हणणं, चित्रात कोंबड्याच नाहीत,
तो कशाला थांबेल?
फिल्मसिटीकडून कुणाचं तरी खोटं लग्न वाजत होतं,
सनई थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.
त्या तासाचं भाषांतर मी केलं नाही.
तिनंही मागितलं नाही.

अक्षरं ती आमच्यासोबतच शिकली.
ळ तिला शेवटपर्यंत आला नाही.
पोरं रोज एक केळं दाखवायची,
केलं, ती म्हणायची,
आणि ज्याचं केळं त्यानंच खायचं.

जाताना एक फॉर्म होता.
किती मुले वाचू लागली?
मी सतरा लिहिलं.
तिनं खोडून नऊ केलं. नऊच होती.
रिवजीला धरायचं का, मी विचारलं,
एक अक्षर येत नाही, पण पानं उलटतो,
आणि दर वेळी वेगळंच वाचतो.
तिनं त्याचं नाव समासात लिहिलं,
मराठीत, वेलांटी चुकवून.

पेटी राहिली. किल्ली माझ्याकडे.
बर्फाचं पुस्तक एका कोपऱ्यातून वाळवीनं खाल्लं,
बिबट्यापर्यंत अजून पोचली नव्हती.
लाल पेन्सिल बारकीकडे.

शिमगा झाला आणि दोन माणसं आली,
समाजमंदिराच्या भिंतीला कागद चिकटवून गेली.
असे कागद माझी वाट बघत राहायचे,
मी गोरेगावहून कामावरून येईपर्यंत.
या वेळी आले तर गर्दी,
आणि कागदासमोर स्टुलावर बारकी.
अंबरपाडा मधल्या अ वर लाल काट,
वरती उ, शाळेत काढतात तसा गोल.

"आपला नाहीये हा," ती मला म्हणाली.
"अंबर म्हणजे आभाळ. तिकडं नेऊन द्या म्हणावं."
काही जण हसले.
मला माहीत होतं,
एका अक्षरासाठी असा कागद अडत नाही.
मी पर्स काढून खांद्यावरून खाली ठेवली.

धाकलीमावशी म्हणाली,
"आधी पुरतं वाच, मग काट."

बारकीनं बोट पुन्हा वर नेलं.
"वि-ष-य," तिनं वाचलं. थांबली.
हा शब्द पेटीतल्या कुठल्या पुस्तकात नव्हता.
मागे वळून मला विचारलं,
"विषय म्हणजे आपण ना?"