जागेचं भाडं

दोलोरेस गावाबाहेर, गव्हाच्या कोठारामागे
दोन्या इर्मा एचेगोयेन यांच्या छपरात
ती विटांवर उभी होती,
चारही चाकं भिंतीला लावून,
पाहुण्यानं दाराशी वहाणा काढाव्यात तशी.

वॉक्सहॉल वेलॉक्स, एकोणीसशे बावन्न.
रंग विचाराल तर एके काळी हिरवा.
मी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस.
मरू घातलेल्या वस्तूपुढे हळहळत बसत नाही,
खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढतो.
बॉनेट उघडलं, इंजिन हातानं फिरवून पाहिलं.
अर्धा फेरा गेलं, अडलं,
मग कुरकुरत उरलेला अर्धाही गेलं.
तेवढ्यावर मी किंमत मनाशी ठरवून टाकली.

"कागद?"
"थांबा, येर्बा बदलते," बाई म्हणाल्या,
आणि थर्मासचं झाकण तीनदा लावलं, तीनदा काढलं.

शेवटचा कर भरलेला त्र्याहत्तरच्या मार्चात.
नंबरप्लेट आहे, पण तिला ओळखणारी वही
पालिकेत कधीच वाळवीनं संपवली.
मालकीची पुस्तिका नाही.
आणि नाव तर यांच्या नवऱ्याचंही नव्हतं.
नाव अनिबाल सोकासचं. शाळेत भूगोल शिकवायचा.
पंचाहत्तर साली एका रात्री आला,
दिवे न लावता गाडी छपरात घातली,
किल्ली टेबलावर ठेवली,
"पंधरा दिवस," म्हणाला
आणि चालत नदीकडे गेला.
पुस्तिका त्याच्या कोटाच्या खिशात राहिली.

नवरा दर रविवारी गाडी पुसायचा.
चालवली एकदाही नाही.
कुणी विचारलं तर, "दुसऱ्याची आहे," एवढंच.
"मग आता का विकता?"
बाईंनी छपराकडे बोट दाखवलं. आढं वाकलं होतं.
"तो आला, आणि पत्र्याखाली चेपलेली दाखवायची?"

पालिकेतला पोरगा दातांना तारा लावलेला, सभ्य.
चासीच्या नंबरावर कागद धरून
मी पेन्सिल घासून आणली होती.
पाचवा आकडा तीन की आठ, गंजानं ठरवू दिलं नव्हतं.
"मालक आणा," तो म्हणाला,
"नाहीतर मालकाच्या मृत्यूचा दाखला."
पहिला बाईंकडे नव्हता.
दुसरा त्यांनी कुणाकडे मागितलाच नव्हता,
आणि मागायला मीही गेलो नाही.
फॉर्मवर मालकाला रकाना होता, वारसाला होता,
सांभाळणाऱ्याला नव्हता.
मी उलटून मागची बाजूही पाहिली.

परत गेलो तर बाईंनी नोटा मोजल्या
आणि पुन्हा माझ्याकडे सरकवल्या.
"गाडीचे पैसे मी कोण घेणार?"
मग बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.
चौकटींच्या वहीचं पान फाडलं, चष्मा लावला, लिहिलं:
छपरातल्या जागेचं भाडं, एकोणपन्नास वर्षांचं, पोचलं.
भरणार: वॉशिंग्टन बेनेलो,
सोकास यांच्या वतीनं.
खाली सही, शाळकरी, गोल.
नोटा घेतल्या. त्यातल्या दोन परत दिल्या.
"पहिले पंधरा दिवस फुकट ठरले होते."

ऑगस्टमध्ये इंजिन सुरू झालं.
इतका धूर, की शेजारच्या बेकरीवाल्यानं पाव आत घेतले.
हातमोज्यांच्या कप्प्यात निघाला
पिवळ्या खडूचा तुकडा आणि एक सुटं बटण.
दोन्ही तिथंच ठेवलंय.
रस्त्यावर न्यायची परवानगी नाही,
म्हणून रात्री गल्लीच्या टोकापर्यंत नेतो, परत आणतो.
दिवे लावून.
एकच लागतो, डावा.

मोंतेविदेओहून परवा एक जण आला,
रोकडा घेऊन, कागदांची पर्वा नसलेला.
दुप्पट देतो म्हणाला. मला दुकानाचं भाडं थकलेलं.
तोंड उघडलं ते भाव सांगायलाच,
आणि ऐकू आलं, "दुसऱ्याची आहे."

तो गेल्यावर स्वतःला मूर्ख म्हणालो, मोठ्यानं.
मग फडकं शोधलं.
तसा वार गुरुवार होता.