सतरा मिनिटं

तेवीस सप्टेंबरच्या रात्री
तीन वाजून दहा मिनिटांनी
संगणकानं आपलं आपणच ठरवलं
आणि डोळे मिटले.
छपरावरचा माइक उघडाच होता,
ऐकत होता बिचारा,
सांगायला खाली कुणी नव्हतं.

सकाळी पडद्यावर निळी पाटी:
तुमचं यंत्र आता अद्ययावत आहे.
आणि रात्रभराच्या आवाजांच्या आलेखात
तीन दहा ते तीन सत्तावीस
काळी फट,
पडलेल्या दाताच्या जागेसारखी.

आमचं ठाणं म्हणजे लिथुआनियाच्या टोकाची
वाळूची चिंचोळी पट्टी.
इकडे बाल्टिक, तिकडे गोड्या पाण्याचं सरोवर,
मधे पाइनची झाडं आणि आम्ही दोघं,
मी आणि रिंगाउडस.
उत्तरेचे पक्षी अंधारात वरून जातात.
दिसत नाहीत,
नुसते एकमेकांना हाका मारत जातात
आणि आम्ही त्या हाका मोजतो.
पगार त्याचाच.

रिंगाउडसनं पडद्याला चिठ्ठी चिकटवली होती,
लाल शाईत: बंद करू नये.
झाडलोट करणारी मोर्ता ती निमूट पाळायची.
यंत्राला वाचता येत नाही
हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

मग मी सेटिंगमध्ये शिरले.
तिथे एक प्रश्न, अगदी अदबीचा:
तुम्ही किती ते किती काम करता?
जास्तीत जास्त अठरा तास.
म्हणजे उरलेले सहा त्याचे.
घरमालकानं सांगावं तसं,
की बाई, किल्ली माझ्याकडेही आहे,
पण मी येईन तुम्ही नसताना.

मी खोटं सांगितलं.
संध्याकाळी पाच ते सकाळी अकरा, म्हटलं,
मी घुबडाच्या जातीची.
इंटरनेट महाग आहे, म्हटलं,
मापानं मिळतं,
तर ते लगेच काटकसरीला लागलं.
शेवटी, ज्या फाइलीत ते स्वतःला उठवायची वेळ लिहून ठेवतं
तिच्याच नावाचं रिकामं फोल्डर
तिच्या जागी ठेवून दिलं,
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून
सीट धरतात, ऐकलंय मी,
तसं.
फाइल आली, जागा भरलेली पाहून
मुकाट परत गेली.

एवढं करूनही ती सतरा मिनिटं काही परत येईनात.
पांढऱ्या भुवयांचे कस्तुर ऐन भरात होते त्या रात्री.
तीन नऊला, एका मिनिटात, एकशे चार हाका.
तीन अठ्ठावीसला सहा.
रिंगाउडस म्हणाला, सरासरी काढ, भरून टाक.
मला नाही भरवलं.

शेजारी व्हाक्लोव्हास राहतो, वाम मासे धुरीला लावतो.
त्याला विचारलं.
उठलो होतो तीनला, म्हणाला,
या वयात उठावंच लागतं.
कुंपणाशी उभा होतो. वरून गेलं काहीतरी.
पुष्कळ.
पुष्कळ म्हणजे किती?
मी काय यंत्र आहे?
आणि किती वेळ?
माझं होईपर्यंत, म्हणाला,
आणि माझं लवकर होत नाही.

शेरा या रकान्यात मी लिहिलं:
सतरा मिनिटं. साक्षीदार एक. पुष्कळ.

जानेवारीत सरोवर गोठलं.
आभाळात नाव घ्यायला कावळा.
यंत्र शरदभर विचारत होतं, आता?
मी म्हणत होते, नंतर.
एका दुपारी म्हटलं, बरं, आता,
आणि खुर्ची ओढून समोर बसले.
पडदा काळा झाला, मग त्यावर उमटलं:
कृपया बंद करू नका.

मला वाचता येतं.

सदतीस टक्क्यांवर ते बराच वेळ अडकलं.
चहा निवला.
मोर्ता झाडू घेऊन आत आली,
तिला हातानंच खूण केली,
जरा हळू.