खो

डॉ. केसकरांनी गुडघा काढला बॉलपेनने,
माझ्याच केमिस्टच्या बिलामागे.
मांडीच्या हाडाच्या टोकाला एक गोल गिरवला,
मग खिशातलं नाणं त्यावर ठेवून म्हणाले,
रुपयाएवढी गेलीय.
कूर्चेला रक्त पोचत नाही,
तिची ती भरून येत नाही.

अठरा वर्षं याच पायावर मी खांबाला वळसा घातला.
सहकारनगरच्या मैदानाची माती
मोज्यांच्या शिवणीत अजून असेल.
काहीतरी झिजतंय हे कळत होतं,
वाटायचं, बुटाचा तळ.

मग वाट बघणं.
माझ्या मापाच्या कुणाच्या तरी
मरणाची.
हे शब्द मनात नीट लागले तेव्हा
मी मेथी निवडत होते.
काडी हातातच राहिली.

फोन आला सहावी-ब च्या तासाला.
मुलं रांगेत उकिडवी, पाठीला पाठ लावून नव्हे,
एक इकडे तोंड, एक तिकडे.
"माप जुळलंय. काढून एकोणीस दिवस झालेत, थांबता येणार नाही."
मी शिट्टी वाजवली. का, ते आठवत नाही.

भूल कमरेखाली, कान जागे.
पडद्यापलीकडे आधी ड्रिल,
नंतर ठक, ठक,
नारायण पेठेत तबल्याचे गट्टे ठोकतात तसं,
हलकं, मध्येच थांबून कान देत.
खिळा नाही, गोंद नाही.
त्याचं हाड, त्यावर त्याची कूर्चा,
माझ्या खड्ड्यात नुसती घट्ट बसली.
त्याचं की तिचं?

"ते सांगत नाहीत ताई," रुबिना तांबोळी म्हणाली,
माझी टाच तळहातावर तोलत.
"वजन टाकायचं नाही. अंड्यावर पाय ठेवल्यासारखं."
सहा आठवडे मी अंड्यांवर चालले,
बाथरूमपर्यंत, गॅलरीपर्यंत,
आणि रात्री त्या पायाला विचारत राहिले,
तू किक मारायचास का गाडीला?
कुणाच्या बुटाची नाडी बांधायला वाकायचीस?
मैदान तरी पाहिलं होतंस?

खो-खोत बसलेल्याला मागचं दिसत नाही.
पाठीवर तळवा पडतो,
कानाशी एक अक्षर.
कोण, ते बघायला वळलात तर समोरचा गडी निसटतो.
तुम्ही उठायचं. पळायचं.
ज्यानं दिला
तो तुमच्या जागेवर बसतो.

हे मी मुलांना दरवर्षी शिकवलं,
खडूने फळ्यावर बाण काढून.

जूनमध्ये मैदानावर परत गेले.
उकिडवं बसायला बंदी, म्हणून स्टूल,
रांगेच्या टोकाला, खांबाजवळ.
सायमा मुजावर मागून आली, धापा टाकत,
आणि सवयीनं, बाईच आहेत हे न बघता,
थाप मारली माझ्या पाठीत.

उठले.
उजव्यावर आधी थोडं, मग थोडं अजून.
तोवर गडी कुठल्या कुठे,
आणि सहावी-ब ओरडतेय,
बाई, किती वेळ!